पूजेतला जुडगा

"सांज झाली माझ्या दारी, कडी घालू कशी बाई
गेला बंधू दूरदेशी, त्याच्या वाटेला गं जाई..."

आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. पण दाराच्या कडीला हात लागला की त्रिविक्रमाच्या कानात तिचा आवाज जागा व्हायचा. जात्याच्या घरघरीत अर्धा बुडालेला, पिठासारखा मऊ आवाज. लहानपणी त्या ओवीनं त्याला झोप लागायची. आता तीच ओवी ऐकून झोप उडायची. कारण आता तो कड्या घालत होता, आणि एक नव्हे, तीन.

चिकपेटच्या त्या अरुंद गल्लीत, कापडाच्या दुकानांच्या मधोमध, त्रिविक्रमाचं पंपांचं दुकान होतं. बसवनगुडीतल्या बंगल्यांच्या विहिरींवर, बनशंकरीच्या देवळाकडे नव्यानं उठणाऱ्या घरांतून विजेचे पंप बसवायचे, बिघडले की दुरुस्त करायचे, हा धंदा. धंद्याची सगळी हत्यारं एका हिरव्या व्हॅनमध्ये असायची. पाइपपाने, आटे पाडायच्या डाय, करवती, साखळीची कप्पी, दोर. व्हॅनची किल्ली देवाप्पाकडे असायची. हे दुकान उघडलं तेव्हापासूनचं होतं, आणि त्यात ठरवण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंही नव्हतं. देवाप्पा निपाणीकडचा. सायकलला पाइप बांधून त्रिविक्रमाबरोबर दारोदार फिरलेला. मग व्हॅन आली आणि देवाप्पा ती चालवायला शिकला. किल्ली त्याच्या खिशात गेली, तिथंच राहिली.

उन्हाळ्यात एका दुपारी ती व्हॅन फोडली गेली. फोडली म्हणायचं, पण फुटलं काहीच नव्हतं. बसवनगुडीतल्या एका वाड्याबाहेर गाडी उभी होती. देवाप्पा विहिरीत उतरलेला, त्रिविक्रम वर दोर धरून. बाहेर येऊन पाहतात तो मागचं दार सताड उघडं आणि निम्मी हत्यारं गायब. दाराला ओरखडा नाही, कुलपाला खरचटलेलं नाही. जणू कुणी आपल्या घरचं कपाट उघडावं तसं.

देवाप्पा ओल्या अंगानं तसाच उभा राहिला. त्याचा हात खिशाकडे गेला. किल्ली होती तिथंच. त्रिविक्रमानं तो हात पाहिला. मग तो दोर गुंडाळायला लागला. संध्याकाळी दुकानात म्हणाला, "देवाप्पा, ती किल्ली जरा माझ्याकडे दे."

देवाप्पानं दिली. का म्हणून विचारलं नाही. त्रिविक्रमानंही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी व्हॅन गेली नरसिंहाकडे. नरसिंहाची पत्र्याची शेड गल्लीच्या तोंडाशी होती. तोंडात पान, हातात वेल्डिंगची कांडी, आणि जीभ त्या ठिणग्यांहून तिखट. त्यानं व्हॅनच्या मुठीकडे पाहिलं, एक सपाट पट्टी फटीत सरकवली, मनगट जरासं फिरवलं आणि दार उघडलं.

"बघा अण्णा. हिला किल्ली लागतेच कुठं? फुंकर मारली तरी लाजून उघडेल."

म्हणजे हे दार कुणालाही उघडता आलं असतं, हे त्रिविक्रमाला कळलं. देवाप्पा तिथंच उभा होता. त्यानंही ते पाहिलं होतं. आता बोलायचं, असं त्रिविक्रमाला वाटलं. पण काय बोलायचं? जे आपण कधी म्हटलंच नाही, ते मागे कसं घ्यायचं? तो नरसिंहाकडे वळून म्हणाला, "बाहेरून कडी-कोयंडा बसव. दणकट."

कडी-कोयंडा बसला. त्यात पितळी कुलूप आलं. त्या रात्री त्रिविक्रम कुलूप ओढून बघायला जेवताना तीनदा उठला. आठवड्यानं पुढच्या दारालाही कडी आली. मग नरसिंहानं लोखंडाचा एक जाड अडसर तयार केला, मागच्या दोन्ही दारांवरून आडवा, दोन्ही टोकांना कुलूप.

"अण्णा," नरसिंह पान थुंकून म्हणाला, "बायकोच्या अंगावर नसतील एवढे दागिने या गाडीला झाले. आता बारसं तेवढं करा."

शेजारचा कापडवाला रोज विचारायचा, "काय अण्णा, पंप नेताय की राजवाड्यातला खजिना?"

त्रिविक्रम हसायचा. हसता हसता कमरेचा जुडगा चाचपायचा. सगळ्या किल्ल्या त्याच्याकडे होत्या, म्हणून जिथं व्हॅन तिथं त्यालाही जावं लागायचं. विहिरीवर काम चाललेलं असताना एक पाना हवा असला तरी देवाप्पा वर येऊन उभा राहायचा. "अण्णा, पाना." त्रिविक्रमानं उठायचं, एकेक कुलूप काढायचं, पाना द्यायचा, पुन्हा एकेक कुलूप लावायचं. देवाप्पा बाजूला तोंड करून थांबायचा, जसा एखादा परका माणूस दुसऱ्याच्या अंगणात थांबतो. पूर्वी काम करताना तो गुणगुणायचा. विहिरीच्या तळातून त्याचा आवाज गोल फिरत वर यायचा, आणि वर उभ्या बंगल्यातल्या बायका कठड्याशी येऊन ऐकायच्या. आता विहिरीतून फक्त लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज यायचा.

नवरात्र बसलं त्या सुमाराला पद्मावती भाकरी थापता थापता म्हणाली, "यल्लव्वा आली होती. देवाप्पाची."

"काय म्हणत होती?"

"तुम्हांला ठाऊक नाही? देवाप्पाला फॅक्टरीत घेताहेत. दसरा झाला की चालला."

त्रिविक्रमाच्या हातातला घास तसाच राहिला. "मला बोलला नाही."

"तुम्ही तरी कुठं बोलता?" पद्मावतीनं भाकरी तव्यावर टाकली. "दोघं मिळून एकाच विहिरीत उतरता आणि एका शब्दाला महाग. मी विचारलं यल्लव्वाला, का जातो बाई? तर म्हणाली, घरात पाटावर मुंगी चावल्यासारखा बसतो. उठतो, बसतो. सांगत काही नाही."

त्रिविक्रम उठला. व्हॅन बघायला बाहेर आला. कुलपं जागच्या जागी होती. तरी त्यानं एकेक ओढून पाहिलं. देवाप्पाशिवाय दुकान म्हणजे काय, हे त्याला ठाऊक होतं. नुसता धंदा नव्हता तो. सायकलवरून पाइप वाहताना दोघांनी एकाच भाकरीचे दोन तुकडे केले होते. पण 'जाऊ नको' म्हणायचं तर आधी दुसरं काही म्हणायला हवं होतं, आणि ते ओठांपर्यंत आलं की जीभ दातांच्या मागं लपायची.

महानवमीला आयुधपूजा. चिकपेटच्या प्रत्येक दुकानात त्या दिवशी कात्री, गज, तराजू, शिलाईचं यंत्र सगळं फुलांत बसतं. त्रिविक्रमाच्या दुकानाची रीत अशी होती की आदल्या संध्याकाळी देवाप्पानं व्हॅनमधली सगळी हत्यारं काढायची, रॉकेलनं धुवायची, तेल लावायचं आणि पोत्यावर ओळीनं मांडायची. नवमीला त्यांची पूजा. पूजेत बसलेल्या वस्तूला दुसऱ्या दिवशीच्या उत्तरपूजेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. मग दशमीला मालकानं ज्याचं हत्यार त्याच्या हातात द्यायचं, कुंकू लावून. ज्यानं हात पुढं केला तो वर्षभर आपला. कागद नाही, बोलणं नाही. एवढंच.

त्या वर्षी सकाळी त्रिविक्रम न्हाऊन दुकानात आला तेव्हा झेंडूच्या माळा लागल्या होत्या, दारात दृष्ट काढून फोडायचा कोहळा ठेवला होता. पुजारी भीमाचार्य पाटावर बसून संकल्पाची घाई करत होते, कारण त्यांना अजून सात दुकानं करायची होती. देवाप्पा नवं धोतर नेसून खांबाशी उभा होता. त्याच्या पायाशी रॉकेलचा डबा होता, भरलेला, आणि एक कोरी चिंधी.

"ठेवा आयुधं," भीमाचार्य म्हणाले. "लवकर."

त्रिविक्रमाचा हात आपोआप कमरेला गेला. त्यानं जुडगा काढून चांदीच्या ताटात ठेवला. हे करताना त्याला काही वाटलं नाही. सहा महिने जे हातात होतं तेच हातानं पुढं केलं. भीमाचार्यांनी मंत्र म्हणत पाणी शिंपडलं, हळद, कुंकू, अक्षता, वर झेंडूचं फूल. घंटा वाजली. आरती ओवाळली.

पद्मावती आरतीचं ताट खाली ठेवता ठेवता थबकली.

"अहो," ती म्हणाली, "हत्यारं कुठायत?"

त्रिविक्रमानं पोत्याकडे पाहिलं. पोतं रिकामं होतं. त्यावर कुणी सवयीनं चार फुलं टाकली होती.

"देवाप्पा," त्याचा आवाज कोरडा झाला, "काढली नाहीस काल?"

"कशी काढायची, अण्णा?" देवाप्पा शांतपणे म्हणाला. "किल्ल्या तुमच्या कमरेला."

"मग मागायच्या!"

"मागायच्या?" देवाप्पा जरासा हसला. त्या हसण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "सणाला मी दारात उभा राहून किल्ली मागू? संध्याकाळी डबा घेऊन बसलो व्हतो की व्हॅनपाशी. तुम्ही दोनदा येऊन कुलपं ओढून गेला. मला बघितलं न्हाई."

पद्मावती ताटाकडे हात नेऊ लागली. "काढा तो जुडगा. उघडा आणि आणा बाहेर."

"छे छे, अक्का!" भीमाचार्यांनी तिचा हात अडवला. "पूजेत बसल्या आता. उद्या उत्तरपूजा होईपर्यंत हलवता येणार नाहीत."

"म्हणजे आज दुकानात किल्ल्यांची पूजा झाली," पद्मावती हळूच म्हणाली, "आणि हत्यारं अंधारात."

बाहेर कापडवाल्याच्या दुकानात कोहळा फुटला, लहान मुलांनी आरडाओरडा केला. इथं कुणाला कोहळा फोडायचा उत्साह राहिला नाही. देवाप्पानं रॉकेलचा डबा उचलला, चिंधी घडी करून खिशात घातली. "बरं, येतो अण्णा," म्हणाला आणि निघून गेला.

तो सबंध दिवस त्रिविक्रम दुकानात येरझाऱ्या घालत राहिला. ताटात जुडगा फुलांखाली बसला होता, एखाद्या मस्तवाल देवासारखा. व्हॅन बाहेर होती, ती उघडणं कुणालाच शक्य नव्हतं, त्रिविक्रमालाही नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ती खरोखर सुरक्षित होती. आणि पहिल्यांदाच त्याला तिच्याकडे बघवत नव्हतं. आत देवाप्पाचा पाइपपाना होता, निपाणीहून आणलेला, त्याच्या उस्तादानं दिलेला, मुठीवर बोटांचे खळगे पडलेला. तो पाना एकदाही पूजेवाचून राहिला नव्हता.

दशमीला देवाप्पा येईल की नाही, याची त्रिविक्रमाला खात्री नव्हती. उत्तरपूजा झाली, फुलं उतरली. गल्लीत लोक आपट्याची पानं देत फिरू लागले. तेव्हा देवाप्पा आला. खांबाशी टेकला नाही, दारातच उभा राहिला.

"माझा पाना तेवढा घेऊन जातो," तो म्हणाला.

त्रिविक्रम जुडगा घेऊन बाहेर गेला. अडसराची कुलपं काढली. अडसर जड होता. देवाप्पा सवयीनं पुढं आला आणि दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून तो खाली ठेवला. मग कडी. मग मूठ. आत तेलाचा, गंजाचा, कोंडलेल्या उन्हाचा वास होता. त्रिविक्रमानं पाना शोधला, धोतराच्या सोग्यानं पुसला, बोटानं कुंकू लावलं आणि पुढं धरला.

देवाप्पानं हात पुढं केला नाही.

"घे ना."

"तुमच्या हातनं घेतला तर राहावं लागंल."

"मग राहा."

त्रिविक्रमानं पाना खाली ठेवला आणि जुडगाच पुढं केला. "हा घे. सगळ्या किल्ल्या. आजपासून तुझ्याकडे. मला नको आता काही."

"किल्ल्या मला बी नकोत, अण्णा." देवाप्पाचा आवाज पहिल्यांदा हलला. "मला एकच पायजे. माझ्याकडनं का घेतलीसा ते सांगा."

"चोरी झाली होती, देवाप्पा. म्हणून..."

"चोरी कुणी केली ते कुणालाच ठावं न्हाई. किल्ली माझ्याकडनं घेतलीसा." त्यानं मान वर केली. "नरसिंहानं पट्टीनं दार उघडून दाखवलं, त्या दिवशी मी वाट बघितली. आता अण्णा बोलतील म्हनून. दुसऱ्या दिवशी बघितली. गौरी-गणपतीला बघितली. तुम्ही बोलला असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. भांडलो असतो. घरला येऊन शिव्या दिल्या असत्या तुम्हांला. पर माणूस बोललंच न्हाई, तर मी कुणाला सांगू, मी न्हाई म्हनून?"

गल्लीतून कुणीतरी हाक मारली, "अण्णा, सोनं घ्या!" त्रिविक्रमानं ऐकलं नाही. पद्मावती दुकानाच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहिली होती. तिनं त्या माणसाला हातानंच थांबवलं.

त्रिविक्रमाला वाटलं, नरसिंहाला दोष द्यावा, मुठीला द्यावा, त्या उन्हाळ्याला द्यावा. म्हणावं, तसं काही नव्हतं रे. देवाप्पा ऐकून घेईल, पाना उचलेल आणि जाईल. त्यानं व्हॅनच्या उघड्या दाराला धरलं. पत्रा उन्हानं तापला होता.

"विहिरीतून वर आलास," तो म्हणाला, "आणि तुझा हात खिशाकडे गेला. तेव्हा मला वाटलं, देवाप्पा, तूच. तुझ्यावरच संशय घेतला मी."

देवाप्पानं खाली ठेवलेला पाना उचलून त्रिविक्रमाच्या हातात दिला आणि मग आपला हात पुढं केला.