मोतीलालचा ताप

गिरधर महाराजांनी मडक्यावरचं लाल फडकं सोडलं आणि पुढच्या रांगेतल्या बायका एकदम मागे सरल्या. पाण्यात बारीक काळपट किडे वळवळत होते. वर येत होते, अंग झटकत खाली जात होते.

"देखो," महाराज म्हणाले. "हा मोनालीचा ताप. पोरीच्या रक्तात दडून बसला होता. मी बोलावला, आला."

"निघाला व माय, निघाला," म्हणत रंभाबाईंनी नातीवरून कडाकडा बोटं मोडली. गर्दीतून जयजयकार उठला. शाहपूरहून रिक्षा भरभरून माणसं आली होती. जो तो मान उंचावून त्या मडक्यात बघत होता, जसं काही आत गंगाच उतरली आहे.

दापोऱ्याच्या वाटेवरची आमची कॉलनी नवी. तिच्यातल्या एका रिकाम्या प्लॉटवर हा दरबार भरे. कॉलनीत घरोघरी ताप होता आणि महाराजांची रीत ठरलेली होती. ते आपल्या जुन्या मडक्यात पाणी भरत, तोंडाला फडकं बांधत, गाठीवर लाख ओतत. मडकं रोग्याच्या खाटेखाली ठेवायचं. चार-पाच दिवसांनी इथे आणून सर्वांसमोर उघडायचं. मडकं परत द्यायचं आणि कधीही धुवायचं नाही, मंत्र निघून जातो. लाख शाबूत असूनही आत किडे निघत, म्हणून भल्याभल्यांची बोलती बंद होई. आमच्या कॉलनीतले दोन इंजिनीअर तर चपला काढून बसत.

मी इथे केळीच्या बागा पाहिल्या आहेत. पाटाचं पाणी झुळझुळत असे आणि दुपारीही थंड वाटे. डास तेव्हाही होते, नाना तऱ्हेचे. गोठ्यातले वेगळे, नदीकाठचे वेगळे. दिवेलागणीला गुणगुणत येत, त्यामुळे निदान कळे तरी. मग बागा गेल्या, पाट बुजले, सिमेंट आलं. आता नळ तिसऱ्या दिवशी येतो. पाऊस संपला की हा सगळा मुलूख तव्यासारखा तापतो, म्हणून प्रत्येक घरात ड्रम, गच्चीवर टाकी, खिडकीत कूलर आणि अर्धवट बांधलेल्या घरांत उघडे हौद. जुने डास निघून गेले. राहिला हा एक, पायांवर पांढरे पट्टे असलेला. भरदिवसा गुपचूप चावतो. त्याला गटार नको, साठवलेलं स्वच्छ पाणी हवं. आम्ही त्याच्यासाठीच कॉलनी बांधली म्हणायची.

मोनालीची आई प्रतिभा माझी विद्यार्थिनी. अर्ध्या गावाला मी शाळेत विज्ञान शिकवलं आहे. मी तिच्याजवळ गेले.

"बाई, ताप खरंच उतरला. सकाळपासून अंग थंडगार आहे," ती हसून म्हणाली.

मी पोरीचा हात धरला. तो नुसता थंड नव्हता, ओलसर होता. नऊ वर्षांची पोर, डोळे उघडायलाही तयार नव्हती.

"पोट दुखतंय का गं?"

"खूप," मोनाली पुटपुटली.

"दोनदा उलटी झाली," प्रतिभा म्हणाली. "अशक्तपणा आहे तो."

"लघवीला गेली का सकाळपासून?"

प्रतिभानं मान हलवली. नव्हती गेली.

"प्रतिभा, हा डेंग्यू असणार. यात ताप चार-पाच दिवसांनी आपणहून उतरतो. पोट दुखतं, हातपाय गार पडतात, तर खरा धोका आता सुरू होतो. दवाखान्यात चल, आत्ता."

"महाराज म्हणतात, आता सुई टोचली तर ताप मडक्यातून परत तिच्या अंगात शिरेल." तिनं पोरीला घट्ट धरलं.

तिच्या सासूबाई रंभाबाई फणकारल्या, "बाई, तुम्ही शिकेल माणसं. डोळ्यानं दिसलं तरी तुम्हाले पटत नाही."

वाद घालायला वेळ नव्हता. नशिबानं माझी पिशवी तयार होती. त्या दिवशी मी माझी मडकी उघडायलाच आले होते.

"महाराज," मी पुढे होऊन म्हटलं, "आमच्या मोतीलालची मडकी बघा बरं."

"हां, मोतीलाल." महाराजांनी डोळे मिटले. "बहुत पुराना बुखार. हाडात मुरलेला. म्हणून तर माई, मी दोन मडकी दिली."

त्यांनी पहिल्याची लाख फोडली. किडेच किडे. "देखो, किती निघाला. आता मोतीलालला भूक लागेल."

"लागणार नाही," मी म्हटलं. "मोतीलाल माझं लोखंडी कपाट आहे. लग्नात आलं होतं. त्याला आजवर ताप आलेला नाही."

मागून कोणी तरी फिसकन हसलं. मग हसू रांगारांगांतून पुढे आलं. महाराजांच्या कपाळाला घाम फुटला, पण जीभ शाबूत होती.

"देवाची थट्टा करता? घरात दुसऱ्या कोणाचा ताप असेल."

"मग दुसरं मडकंही त्याच कपाटाखाली होतं. त्याची लाख मात्र मी फोडली. तुमचं पाणी उकळून गाळलं, मडकं आतून काथ्यानं खसाखसा घासलं, उकळत्या पाण्यानं धुतलं, तेच पाणी भरून पुन्हा बांधलं." मी फडकं सोडलं. पाणी नितळ होतं. तळ दिसत होता.

"मडकं धुतलं. मंत्र गेला," महाराज म्हणाले.

"म्हणजे तुमचा मंत्र काथ्यानं निघतो?"

मी त्यांच्या ढिगातलं एक कोरडं मडकं उचललं आणि प्रतिभासमोर धरलं. "आत बोट फिरव. काय लागतं?"

"काळे ठिपके. काजळीसारखे."

"आठवीत तू एक चित्र काढलं होतंस. सगळ्या वर्गात सुबक. त्यात पहिलं काय होतं?"

ती शाळेतल्यासारखी हळू म्हणाली, "अंडी. मग अळी. मग कोष." तिनं मोनालीच्या मडक्याकडे पाहिलं. "मग डास."

"ही मडकी यांच्या अंगणात उघडी पडतात. तळाशी थोडं पाणी राहतं, डास कडेला अंडी चिकटवतो. पाणी आटलं तरी अंडी महिनोन्महिने टिकतात, पुन्हा पाणी भरलं की फुटतात. वरून लाख ओता नाही तर तिजोरीत ठेवा, किडे निघणारच. आणि गिरधर, तुला हे नवीन नाही. साधू होण्याआधी तू माझ्या कूलरच्या गवताच्या ताट्या बदलायचास. कोरड्या टपात पाणी घातलं की हे किडे कुठून येतात, हे तूच मला विचारलं होतंस. मी तुला सांगितलं होतं."

गिरधरच्या मागे, प्लॉटला लागून असलेल्या त्याच्या खोलीचं दार उघडं होतं. आत खाटेवर मच्छरदाणी बांधलेली होती. आता ती सगळ्यांना दिसली.

प्रतिभा उठली होती. "नीलेश, गाडी काढा," ती नवऱ्याला म्हणाली. रंभाबाईंनी तोंड उघडलं, तशी म्हणाली, "आत्या, शाल द्या तिच्या अंगावर. बाकी नंतर."

दवाखान्यात पोरीचा रक्तदाब घसरलेला निघाला. सलाइनवर दोन दिवस फार वाईट गेले. तिसऱ्या दिवशी तिनं खिचडी मागितली.

इकडे प्लॉटवर प्रतिभा निघताच लोक मडकी फोडायला धावले. आधी भक्ती बिनडोक होती, आता रागही तितकाच बिनडोक. मी ओरडले, "फोडू नका. खापरांतही पाणी साचतं. घासा." कोणी ऐकेना. शेवटी रंभाबाईच काथ्या घेऊन खाली बसल्या.

गिरधर त्याच रात्री पसार झाला. ऐकते की खकनारच्या बाजूला तो आता टकलावर केस उगवणारं तेल देतो. गिऱ्हाईक भरपूर आहे.

मोनाली बरी झाली, पण तिच्याच गल्लीतली कित्येक माणसं अजून तापानं पडली आहेत. कारण उघडून झाल्यावर मडक्यांतला तो "ताप" लोक विसर्जन केल्यासारखा भक्तिभावानं अर्धवट घरांच्या हौदांत ओतत होते. आपला रोग आपणच पाळला, पूजला आणि शेजाऱ्याला वाटला. कोणी चमत्कार दाखवला तर एकच विचारा: मडकं घासलं असतं, तर हे झालं असतं का? आणि उत्तराची वाट बघताना आपल्या ड्रमवर झाकण आहे ना, ते बघून या.