गळ्याएवढ्या पाण्यातली म्हातारी

चिपळी कधी एकटी नसते, मित्रांनो. म्हणून स्वतःला ‘मी’ म्हणताना मला जरा अडखळायला होतं. कीर्तनकाराच्या एकाच हातात आम्ही दोघी राहतो. माझ्या पाठीला अंगठ्यासाठी पितळी कडी आहे, बहिणीच्या पाठीला बोटांसाठी. आम्ही एकमेकींवर आपटलो की आमच्या पोटातल्या झांजा बोलतात. आता आमच्या कडा झिजल्या आहेत आणि लाकडाला बुवांच्या घामाचा काळपट रंग चढला आहे. तरी आज मी फार समाधानात आहे. ते का, हेच तुम्हांला सांगायचं आहे.

आमचा जन्म वसईतल्या एका वाडीत, फ्लॉईड सुताराच्या अंगणात झाला. फ्लॉईड तेव्हा नुकता कामाला लागला होता. कुंपणापलीकडे तुळशीदास राहायचे. त्यांची केळीची आणि फुलांची वाडी होती. गळा गोड होता, कीर्तन शिकून झालं होतं, फक्त स्वतःच्या चिपळ्या नव्हत्या. फ्लॉईडने सागाचा एक तुकडा उचलला आणि म्हणाला, “चर्चचं बाक दुरुस्त केलं, त्यातलं उरलेलं लाकूड हाय. चालेल ना तुझ्या देवाला?”

“तुझ्या देवाला चाललं, माझ्या देवाला काय काटे टोचणार आहेत?” तुळशीदास म्हणाले.

अशा आम्ही घडलो, आणि तुळशीदासांना लोक बुवा म्हणू लागले.

तुम्हांला वाटेल, चिपळ्यांचं काम फक्त कीर्तनात. तसं नव्हतं. आमचं पहिलं काम सकाळी असायचं. बुवांकडे संतचरित्रांची जुनी पोथी होती, सुट्या लांब पानांची. पानं एकावर एक रचलेली, वर-खाली लाकडी फळ्या आणि भोवती लाल कापडाचं बासन. बुवा ती घेऊन पडवीत बसायचे. आमच्याकडे समुद्रावरून वारा येतो आणि तो कुणाचं ऐकत नाही. म्हणून वाचून झालेल्या पानांवर बुवा मला ठेवायचे आणि न वाचलेल्या पानांवर माझ्या बहिणीला. बाजूला मालनताई, म्हणजे बुवांच्या पत्नी, तगरीच्या कळ्या ओवत बसायच्या. बुवा मोठ्यानं वाचायचे, मध्येच थांबायचे.

“का गं, हा एवढा रागावला कशाला असेल देवावर?”

“घरातल्यावरच रागावतो ना माणूस. देव घरातला झाला असेल त्याच्या,” मालनताई कळी ओवता ओवता म्हणायच्या.

संध्याकाळी देवळात बुवा उभे राहिले की सकाळचं तेच पान त्यांच्या तोंडून गात बाहेर यायचं. काय त्या कीर्तनाची गोडी सांगू, मित्रांनो. पूर्वरंगात एखादा विचार ते असा उलगडायचे, जसं केळफूल एकेक पाकळीनं उलगडतं. मग मध्ये बुक्का लागायचा, हार पडायचा, नामाचा गजर व्हायचा आणि उत्तररंगात आख्यान सुरू. लोक हसायचे, डोळे पुसायचे. बुवांच्या बोटांत तेव्हा आम्हांला आपटावं लागतच नसे. आम्ही आपल्या आपण वाजायचो.

हळूहळू नाव झालं. गोखिवऱ्याच्या सोसायट्यांतून, मनवेलपाड्याच्या गणपतीत बोलावणी येऊ लागली. तिथली माणसं भाविक, पण घाईतली. “बुवा, अर्ध्या तासात बसवा. पूर्वरंग राहू द्या, डायरेक्ट आख्यान घ्या. लोकांना ते म्हातारीचं फार आवडतं.”

ते म्हातारीचं आख्यान असं. एक म्हातारी देवाच्या नैवेद्याचं गाठोडं डोक्यावर घेऊन पूर आलेल्या नदीत उतरते. पाणी कमरेला लागतं, छातीला लागतं, गळ्याशी येतं. ती देवाला हाक मारते. इथे बुवा असा सूर लावायचे की बायकांच्या डोळ्यांना धार लागायची. वेळ संपत आलेली असायची. मग बुवा तिथेच गजर धरायचे, आणि आरती. पुढची गोष्ट कापली गेली, ती कापलेलीच राहिली.

त्याच सुमारास जुनं घर पाडून स्लॅबचं घर बांधलं. सामान अंगणात काढलं होतं. कुणीतरी पोथी उचलली, बासन सुटलं आणि वाऱ्यानं पानं केळीत नेली. घरच्यांनी धावपळ करून सगळी गोळा केली, कपाळाला लावली आणि हाताला येतील तशी रचून बांधून टाकली. आम्ही तेव्हा बुवांच्या चेनच्या पिशवीत होतो, बुक्क्याची डबी आणि खोकल्याच्या गोळ्यांच्या शेजारी.

नव्या घरात पोथीला काचेचं देवघर मिळालं. आता तिची रोज पूजा होऊ लागली. बासन सैल करून वरची फळी काढायची, पहिल्या पानाला हळद-कुंकू वाहायचं, फूल ठेवायचं, तुळशीनं पाणी शिंपडायचं, नमस्कार करायचा आणि पुन्हा बांधायचं. बुवा मनापासून करायचे हो सगळं, त्यात खोट नव्हती. पण दुसरं पान कुणी उचललं नाही. अशी पुष्कळ वर्षं गेली. बुवांच्या हातात ताल होता, सूर होता, टाळ्या होत्या. मला मात्र त्या मुठीत काहीतरी रिकामं लागायचं. कुणाला सांगणार? चिपळीला वाजता येतं, बोलता येत नाही.

मग गेल्या वर्षीची गोष्ट. गावातल्या देवळाचा वर्धापनदिन जवळ आला होता. त्या दिवशी बुवांचं कीर्तन ठरलेलं. त्याआधी एका दुपारी देवळात पोथीचं वाचन ठेवलं होतं. बुवांनी कितीतरी वर्षांनी बासन पूर्ण सोडलं आणि आम्हांला पानांवर ठेवलं. कागदाचा तो जुना वास आला आणि माझं लाकूडसुद्धा शहारलं.

बुवांनी नेमका म्हातारीचा अध्याय काढला. चालीवर वाचन सुरू झालं. म्हातारी नदीत उतरली. पाणी गळ्याशी आलं, तिनं हाक मारली आणि पान संपलं. बुवांनी ते माझ्याखाली सरकवलं, पुढचं घेतलं. त्या पानावर राजाच्या घरचं लग्न होतं. पंगत बसली होती, वाढपी फिरत होते. बुवा त्याच चालीवर वाचत राहिले. लोक माना डोलवत राहिले. अध्याय संपला, “राम कृष्ण हरी” झालं, प्रसाद वाटला गेला.

घरी जाताना मालनताईंनी प्रसादाचा द्रोण पदराखाली धरला. मग म्हणाल्या, “अहो, म्हातारी तिकडं गळ्याएवढ्या पाण्यात आहे आणि तुम्ही राजाकडं जिलब्या वाढत बसलात.”

बुवांची पावलं थांबली. “म्हणजे?”

“म्हणजे पानं उलटसुलट झालीत. मला वाटलं, आता थांबाल, मग थांबाल.”

“कुणालाच कळलं नाही गं.”

“मला कळलं ना.”

थोडं अंतर गेल्यावर बुवांनी अगदी हळू विचारलं, “त्या म्हातारीचं पुढं काय होतं?”

“मला विचारता? सकाळचं वाचन सुटलं, तेव्हापासून मी तुमच्याकडून गळ्यापर्यंतच ऐकलंय.”

त्या रात्री बुवा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी देवळाचा कारभार पाहणारे प्रल्हादराव आले, तर बुवा त्यांना म्हणाले, “दुसरे बुवा बघा. मी आता उभा राहणार नाही.”

“अहो, पत्रिका छापून झाल्यात. घसा बसलाय का? काढा पाठवू?”

“घसा चांगला आहे. तोच एक चांगला आहे.”

प्रल्हादरावांना त्यातलं काही उमगलं नाही. “मी काही दुसरं नाव छापत नाही,” असं म्हणून ते निघून गेले. बुवांनी आम्हांला खिळ्याला टांगलं. मित्रांनो, चिपळीला खिळ्याची भीती वाटते. खिळ्यावर गेलेल्या चिपळ्या पुढे भिंतीची शोभा होतात. बुवा पुन्हा आम्हांला हातात घेतील की नाही, एवढा एकच विचार मी तिथं लटकून करत होते.

दुसऱ्या सकाळी मालनताईंनी पोथी खाली काढली आणि पडवीत चटई टाकली.

“बसा.”

“मला वाचायचं नाही. कुठल्या तोंडानं वाचू?”

“वाचू नका. नुसती पानं लावा. लसूण सोलायला दिला तर सोलता ना? तसंच समजा.”

बुवा बसले. पण पानं लावायची कशी? आकडे होते कोपऱ्यात. काही कोपरे कसरीनं खाल्ले होते, काहींवर कुंकवाचे डाग पसरले होते. एकच उपाय होता. एका पानाची शेवटची ओळ वाचायची आणि ती कुठल्या पानाच्या पहिल्या ओळीशी जुळते, ते शोधायचं. म्हणजे समजून वाचायचं. तेवढ्यात समुद्राकडून वारा आला.

“अगं, काहीतरी वजन आण, उडतील सगळी,” बुवा ओरडले.

मालनताईंनी आम्हांला खिळ्यावरून काढलं आणि पानांवर ठेवलं. मी पुन्हा लावलेल्या पानांवर, बहीण न लावलेल्या पानांवर.

पहिले काही दिवस बुवा चिडचिडले. “हा साधू कालच्या गोष्टीतला, आज इथं काय करतो?” मग त्यांना गंमत वाटायला लागली. मग एका सकाळी ओळ जुळवता जुळवता ते मोठ्यानं वाचायला लागले आणि वाचता वाचता थांबले.

“का गं, ह्याला एवढं मिळूनसुद्धा झोप का येत नसेल?”

मालनताईंच्या हातातली कळी तशीच राहिली. कितीतरी वर्षांनी त्यांना कुणी असं विचारलं होतं. “मोजत बसत असेल,” त्या म्हणाल्या.

कुंपणापलीकडून फ्लॉईडचा आवाज आला. त्याचेही केस आता पांढरे झालेत. “काय रे, तूच हायेस होय? मी म्हटलं, टीव्ही लावला का काय सकाळी सकाळी.”

“मीच आहे. जरा उशिरा उठलो एवढंच.”

“मी पण रोज बायबलचं एक पान वाचतो हां. माझी बायको मेरी वारली त्यानंतर लागली सवय. नाय वाचलं तर दिवस बेचव लागतो, मिठाशिवाय रस्सा लागतो तसा.”

पानं लागत आली. वर्धापनदिन तोंडावर आला. पण म्हातारीचं पुढचं पान कुठेच सापडेना. केळीत कुजून गेलं असेल, असं बुवा म्हणू लागले. त्यांचा चेहरा पुन्हा उतरला. शेवटी मालनताईंनी ते सगळ्यांत वरचं, रोज पूजा घेतलेलं पान बोटांत धरलं आणि म्हणाल्या, “हे इतर पानांपेक्षा जाड का लागतंय?”

रोजच्या शिंपडण्यानं दोन पानं एकमेकांना चिकटली होती. मालनताईंनी ती तलम कापडात गुंडाळून तांदळाच्या डब्यात पुरली. तांदळानं ओल ओढून घेतली. मग केसातल्या आकड्यानं, श्वास रोखून, त्यांनी कडेकडेनं पानं सोडवली. थोडी शाई इकडची तिकडे झाली, पण अक्षर लागत होतं. बुवांनी ते पान उजेडात धरलं. 

पोथीत असं होतं: म्हातारीनं हाक मारली, पण आकाशातून कुणी आलं नाही. नाव आली नाही, हात आला नाही. मात्र तिच्या पायाला दगड लागला. मग आणखी एक दगड. पुराखाली बुडालेला तो पलीकडच्या देवळाचा घाट होता. त्याच घाटावर ती आयुष्यभर रोज देवासाठी पाणी भरायला उतरली होती. डोळ्यांना पायऱ्या दिसत नव्हत्या, पण रोज येणाऱ्या पायांनी त्या ओळखल्या. पायरी पायरीनं ती पलीकडे गेली, आणि गाठोडं कोरडं राहिलं.

बुवांनी पान खाली ठेवलं आणि चक्क हसायला लागले. हसता हसता डोळे भरले.

“माझा घाट गेला कुठं, म्हणून मी रडत होतो. तो इथंच होता गं. मीच उतरायचा बंद झालो होतो.”

“आता उतरलात ना? मग चहा घ्या,” मालनताई म्हणाल्या.

वर्धापनदिनाला बुवा उभे राहिले. फ्लॉईडनं आमच्या ढिल्या झांजा आदल्या दिवशी घट्ट करून दिल्या होत्या, आणि तो मागे खुर्ची टाकून बसलाही होता. बुवांनी पूर्वरंग पूर्ण केला, काही कापलं नाही. प्रल्हादरावांनी सुरुवातीला दोनदा घड्याळाकडे पाहिलं, मग पाहायचं विसरले. उत्तररंगात म्हातारी आली. पाणी गळ्याशी आलं, तिनं हाक मारली. लोकांनी सवयीनं गजरासाठी हात उचलले. बुवांनी आम्हांला मुठीत दाबून गप्प केलं.  ते डोळे मिटून पायानं जमीन चाचपत राहिले, जणू पायरी शोधत होते.

तेव्हा बायकांच्या बाजूनं मालनताईंचा आवाज आला. “सांगा ना पुढं. किती वेळ भिजत ठेवता बिचारीला?”

सगळं देऊळ हसलं. बुवाही हसले. त्यांनी घाट सांगितला, एकेक पायरी सांगितली. म्हातारी पलीकडे पोचली तेव्हा समोरच्या माणसांनी सुटकेचा श्वास टाकला. तो मला ऐकू आला. मग गजर झाला, आणि आम्ही आपल्या आपण वाजलो.

मित्रांनो, तुमच्या घरातही कापडात बांधलेलं असं काहीतरी असेल. कुणाची पोथी, कुणाचं बायबल, कुणाचं आणखी काही. त्याला फूल वाहता, मेणबत्ती लावता, ते चांगलंच आहे. पण त्याची गाठही सोडा. रोज एक पान वाचा. कळलं नाही तर शेजारी बसलेल्याला विचारा, “का गं, हा असं का म्हणाला असेल?” पूर आला की पायऱ्या बांधायला वेळ नसतो.

आता सकाळ झाली आहे. चटई पडली आहे, तगरीची टोपली आली आहे, आणि समुद्राकडून वाराही निघाला आहे. तो येऊ दे. बुवांनी आत्ताच मला उचलून वाचलेल्या पानावर ठेवलं आहे.