कानातल्या मशीनचा आवाज

गोजराबाईंचं कानाचं मशीन पहिल्यापासून योगिनीच बघायची. इंदिरानगरात तिचं कान तपासायचं छोटं क्लिनिक होतं. मशीनचा आवाज कमी-जास्त करायचा तर ते एका डबीला जोडायचं, डबी कॉम्प्युटरला, आणि मग पडद्यावर बदल करायचे. २००३ च्या दिवाळीत तिने नवा कॉम्प्युटर घेतला आणि त्यातली नवी सिस्टीम त्या जुन्या डबीला ओळखच देईना. कंपनीला फोन केला, तर त्या मॉडेलचं सॉफ्टवेअर आता निघणार नाही, पेशंटना नवीन मशीन द्या, असं उत्तर मिळालं.

त्याच आठवड्यात गोजराबाई नवऱ्याला, चंदररावांना, घेऊन आल्या. मखमलाबादला त्यांची शेवंतीच्या फुलांची शेती होती. बाजारात गिऱ्हाईक काय मागतं ते आता कळत नाही, मशीन जरा वाढवून द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. योगिनीने अडचण सांगितली आणि नवं मशीन कानात घालून बघायला दिलं. त्यात जुन्यासारखी खरखर नव्हती. चंदररावांना काहीतरी बोलायला सांगितलं.

"येतंय का ऐकू?" ते म्हणाले.

गोजराबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "येतंय. पण हा आवाज यांचा नाय."

योगिनीला आठवलं, पहिलं मशीन लावलं तेव्हाही त्या हेच म्हणाल्या होत्या. मग सवय झाली होती. मशीनचाच तो आवाज त्यांनी नवऱ्याचा म्हणून धरला होता. हे त्यांना सांगून नवं मशीन देता आलं असतं. पण ते तिच्या तोंडून निघेना.

जुना कॉम्प्युटर तिने भावाला, दीपकला, दिला होता. विचारलं तर त्यानेही त्यात हौसेने नवी सिस्टीम टाकलेली, आणि कॉम्प्युटर इतका हळू चालत होता की दीपकने तो आनंदाने परत केला. ज्ञानेश नावाच्या दुरुस्तीवाल्याने सगळं पुसून जुनी सिस्टीम पुन्हा बसवली. डबीचा दिवा लागला.

गोजराबाईंना परत बोलावलं. आवाज जुळवताना चंदररावांनी बोलत राहायचं होतं. मुळात अबोल माणूस. शेवंतीला पाणी कधी दिलं, तेच पुन्हा पुन्हा सांगत राहिले. गोजराबाईंनी आवाज जुळला म्हणून मान डोलावली.

मग योगिनीने स्पष्टच सांगितलं, "मावशी, हा कॉम्प्युटर जुना आहे. बंद पडला की मला काही करता येणार नाही. रोज थोडा वेळ नवं मशीनपण घालून बघा."

"म्हंजी ह्यांचा आवाज पुन्हा वळखायला शिकायचा," गोजराबाई म्हणाल्या.

चंदरराव खाली बघत म्हणाले, "मी बसन रोज बोलत."

उन्हाळ्यात दोघं आले तेव्हा नवं मशीन कानात होतं. जुनं आता फारसं लागत नाही, असं गोजराबाईंनी सांगितलं. बाजारात बरं पडतं, घरीही आवाज ओळखीचा झालाय. तक्रार एकच होती. यांना बोलायची सवय लागलीय, लय बोलतात, म्हणून दुपारी थोडा वेळ मशीन काढून ठेवावं लागतं.

जुना कॉम्प्युटर कोपऱ्यात सुरूच होता. बाहेर बाकावर अजून एक म्हातारे गृहस्थ आपलं तसलंच जुनं मशीन तळहातावर घेऊन बसले होते. योगिनीने त्यांना आत बोलावलं.