दादा प्यायचा नाही

दादा गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मामानं आमच्या स्वयंपाकघरात बसून, आमचाच चहा पीत, हळूच विचारलं की तो लपूनछपून घ्यायचा का. लिव्हरचा कॅन्सर म्हणजे दुसरं काय असणार, असं त्याचं म्हणणं. मी त्याच्या हातातला कप काढून घेतला आणि सिंकमध्ये ओतला. आई म्हणाली, अगं, मोठा आहे तो. मी म्हटलं, मग मोठ्यासारखं बोलावं की. माझं तोंड पहिल्यापासूनच फाटकं, त्यात लोकांना गाडी शिकवून शिकवून ते आणखी फाटलंय.

आमचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. बाबांनी काढलं, त्यांच्या मागे दादा, मी आणि धाकटा भाऊ. या धंद्यात माणसाची अब्रू एकाच गोष्टीवर असते, तो पीत नाही. लोक आपल्या लेकीसुना त्या भरवशावर आमच्या शेजारच्या सीटवर बसवतात. दादा तर खोकल्याचं औषध घेतलं तरी त्या दिवशीची शिकवणी रद्द करायचा. आम्ही त्याला हसायचो.

तीच अब्रू त्याच्या जिवावर उठली. उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, विजार कमरेवरून घसरायला लागली, तरी हा ॲसिडिटीच्या गोळ्या चघळत शिकवत राहिला. तपासणीत लिव्हरचं नाव निघालं की लोक काय समजतील, हे त्याला पक्कं माहीत होतं. मामानं ते सिद्धच केलं. शेवटी डोळे पिवळे झाले तेव्हा नेला, आणि तेव्हा गाठ कापण्याच्या पलीकडे गेली होती. मला अजूनही त्याचा राग येतो. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मी रागावते.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून नीट सांगितलं. दादाच्या रक्तात कावीळ बी चा विषाणू होता, बहुधा जन्मापासून. हा विषाणू वर्षानुवर्षं लिव्हरमध्ये गुपचूप राहतो. कधीतरी त्याचा एखादा तुकडा पेशीच्या आतल्या जनुकांमध्ये घुसतो. तो नेमका वाढीचा हुकूम देणाऱ्या जनुकाशेजारी जाऊन बसला, की एरवी झोपलेलं ते जनुक जागं होतं आणि पेशी वाढतच सुटते. मी विचारलं, म्हणजे शिकाऊ माणसाचा पाय ॲक्सिलरेटरवर अडकावा तसं? त्या म्हणाल्या, साधारण तसंच, पण प्रत्येकाच्या बाबतीत हेच होतं असं नाही; कुणाचं लिव्हर आधी सुकून कडक होतं, कुणाचं अगदी धडधाकट दिसत असतानाच गाठ धरतं.

मग त्यांनी आमची सगळ्यांची रक्तं तपासायला सांगितली. माझं कोरं निघालं. आईचं आणि धाकट्याचं नाही. बाळंतपणात आईकडून बाळाला जातो हा विषाणू, हेही तिथंच कळलं. आई घरी आली आणि दिवसभर दादाचे कपडे घडी घालत बसली, घातलेली घडी मोडून पुन्हा घालत. मी म्हटलं, तुला तरी कुठं ठाऊक होतं? ती म्हणाली, ठाऊक नव्हतं म्हणून तो परत येणार आहे का?

धाकट्याला रोज गोळी आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. गोळी त्यानं सुरू केली, पण सोनोग्राफीचं नाव काढलं की हा गायब. आज टायर बदलायचेत, उद्या कुणाची परीक्षा आहे. लिव्हरच्या ओपीडीबाहेर बाकावर बसायचं म्हणजे अर्ध्या गावानं पाहायचं, आणि अर्धं गाव आमच्याकडेच गाडी शिकलेलं. एक भाऊ गेला होता, तरी दुसरा त्याच वाटेनं निघाला होता. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

सोनोग्राफी आईलाही सांगितली होती; तिचा तो दिवस आला. तिला सोडून ये म्हटल्यावर धाकटा निघाला. गाडी शिकवणीचीच. तो चालवत होता, आई मागे, आणि मी शिकवणाऱ्याच्या सीटवर. आमच्या गाड्यांना त्या सीटच्या पायाशीही एक ब्रेक असतो. मी वाटेत म्हटलं, आलाच आहेस तर तुझंही करून घेऊ. त्यानं नुसता गिअर बदलला. हॉस्पिटलचं फाटक आलं, तिथं आमचा एक जुना विद्यार्थी उभा होता, त्यानं हात केला, आणि धाकट्यानं वेग वाढवला. तो थांबणार नव्हता. मी ब्रेक दाबला.

गाडी भर रस्त्यात बंद पडली. मागून हॉर्नचा कल्लोळ. धाकटा स्टिअरिंग धरून म्हणत राहिला की ताई, लोक बघतायत. मी म्हटलं, बघू देत. दादाला कुणी पाहिलं नाही, त्याचं काय झालं ते तू पाहिलंस.

ट्रॅफिक हवालदार खिडकीशी आला आणि त्यानं धाकट्याला पहिलाच प्रश्न विचारला, घेतली आहे का?

धाकट्याचा चेहरा उतरला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागचं दार उघडून आई खाली उतरली. माझी आई, जी मामासमोरही आवाज चढवत नाही.

"त्यानं काही घेतलेली नाही," ती म्हणाली. "आजार माझ्याकडून गेलाय पोरांना. एक गेला. याला तपासायला आणलंय, आणि हा लाजतोय. हॉर्न वाजवणाऱ्यांना जरा थांबायला सांगा."

हवालदारानं खरंच हात वर करून रस्ता थांबवला. धाकट्यानं गाडी चालू केली आणि मुकाट्यानं फाटकातून आत घेतली.

आईच्या सोनोग्राफीत काही नव्हतं, धाकट्याच्या लिव्हरमध्ये गाठ निघाली. दीड सेंटिमीटरची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत सापडली, कापून काढता येईल. पुढेही लक्ष ठेवावं लागेल, हा विषाणू सहज पिच्छा सोडत नाही. म्हटलं, आम्हीही सोडत नाही. पुढच्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर धाकटा रडला, आणि त्याचा हात धरून मीही रडले, सगळ्या वॉर्डासमोर.

त्याच्याकडच्या विद्यार्थ्यांना कळवायचं होतं. मामा म्हणाला, हर्नियाचं ऑपरेशन सांगा, धंद्याचा प्रश्न आहे. मला काही बोलावंच लागलं नाही. आई ऑफिसात येऊन टेबलाशी बसली, मला नंबर लावायला सांगितला आणि फोन स्वतःच्या कानाला लावला.

"शिकवणारा महिनाभर येणार नाही," ती म्हणाली. "लिव्हरचं ऑपरेशन झालंय. कॅन्सर. नाही हो, दारूनं नाही, माझ्या रक्तातून गेलं त्याला. तुम्ही तुमचं रक्त कधी तपासलंय का? मग तपासून घ्या."

फोन ठेवून तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं.

"बघत काय बसलीस," म्हणाली. "पुढचा लाव."