खांबामागची गाडी

घरून निघताना तिनं नवऱ्याला तीन गोष्टी बजावल्या होत्या. गाडीला हात लावायचा नाही, गाडीकडे टक लावून बघायचं नाही आणि तोंड उघडायचं नाही. बोलायचं ते ती बोलेल. त्यानं तिन्ही गोष्टींना मान डोलावली होती. तो इतक्या पटकन मान डोलावतो तेव्हा त्याचं लक्ष दुसरीकडेच असतं, हे चार वर्षांच्या संसारात तिला पाठ झालं होतं. पण करणार काय, गाडी चालवायची होती ती त्यालाच.

तसा माणूस सोन्यासारखा. कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीन दुरुस्त करायचा. दीडशे मशिनी, आणि कुठलीचा घसा बसलाय हे तो दारातूनच सांगायचा. मात्र त्याला व्यवहाराला पाठवायची सोय नव्हती. घरातला जुना पंखा विकायला काढला, तर गिऱ्हाइकाला आधी पंख्याचे सगळे दोष सांगितले आणि मग ते दोष फुकटात काढूनही दिले. वर त्याला चहा पाजला.

गाडीचं खूळ मात्र त्याचं नव्हतं, तिचं होतं. कारखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला. दोन बस बदलून तो घरी पोचायचा तेव्हा आठ वाजून जायचे, आणि त्यांची दीड वर्षाची ठकी साडेसातलाच आडवी व्हायची. सकाळी ती उठायच्या आत हा घराबाहेर. आठवड्यातले सहा दिवस त्याला लेक दिसायची ती झोपलेली. मागच्या महिन्यात एकदा ठकीनं खुंटीवरच्या त्याच्या शर्टाची बाही धरली आणि शर्टाला ‘बाबा’ म्हणाली. तिनं हसत हसत ही गंमत त्याला सांगितली. तोही हसला, आणि मग जेवलेलं ताट कितीतरी वेळ घासत उभा राहिला. तिनं त्याच दिवशी ठरवलं. गाडी असली तर साडेसहाला घरी. लेकीच्या वाट्याला बापाचा रोज एक अख्खा तास.

नवी गाडी आवाक्याबाहेर होती. जवळ होते चोपन्न हजार, वर एक छदाम नाही. म्हणून ती महिनाभर चौकशा करत होती, आणि तिला कळलं होतं की गावातल्या एका शोरूममध्ये दोन वर्षांपूर्वीची एक दुचाकी पडून आहे.

गाडी खरंच पडूनच होती. नव्या गाड्या काचेतून रस्त्याकडे बघत ओळीनं उभ्या, आणि ही एकटी खांबामागे, भिंतीकडे तोंड करून, शिक्षा केल्यासारखी. रंग धड पिवळा नाही, धड हिरवा नाही. कंपनीनं ते मॉडेलच बंद केलेलं. नवरा गाडीसमोर हात मागे बांधून उभा राहिला आणि छताकडे बघू लागला. सूचना पाळत होता बिचारा.

दाखवायला आलेली सेल्सवाली बाई चांगली निघाली. तिनं आधी ठकीला चावीच्या रिंगा खेळायला दिल्या, मग इकडेतिकडे बघून खालच्या आवाजात खरं काय ते सांगितलं. गाडीवर लिहिलेत बासष्ट, पण ती सुरूच होत नाही. वर्कशॉपवाले म्हणतात कार्ब्युरेटर बदलायला हवा, आणि बंद मॉडेलचा पार्ट काही येत नाही. साहेब पंचावन्नपर्यंत नक्की उतरतील. गाडी बंद आहे एवढं तुम्ही धरून ठेवा, सोडू नका. एवढं सांगून ती मॅनेजरला बोलवायला गेली.

पंचावन्न. म्हणजे भांडायचं ते फक्त एका हजारासाठी. तिचा जीव भांड्यात पडला. नवरा घरीच दुरुस्त करेल, मग काय. तिनं त्याच्याकडे बघून डोळ्यांनी ‘आता गप्प’ असं सांगितलं, तेवढ्यात ठकीनं पाण्याच्या मशीनचा नळ सोडला आणि फरशीवर तळं झालं. ठकीला उचल, चपला पूस, रिसेप्शनवरच्या माणसाची माफी माग, फडकं शोध, यात तिची चांगली वीस मिनिटं गेली. मॅनेजरही कुणाच्या तरी फोनवर अडकला होता, हे तिला काचेतून दिसत होतं. एवढा वेळ नवरा एकटा आहे, हे मात्र तिच्या डोक्यात आलं नाही.

ती परतली तेव्हा तो गाडीशेजारी उकिडवा बसला होता. वर्कशॉपमधून बाटलीभर ताजं पेट्रोल त्यानं मागून आणलं होतं. फरशीवर रुमाल, रुमालावर ओळीनं स्क्रू. खिशातल्या, शिलाई मशीन साफ करायच्या ब्रशातला एक ताठ केस त्यानं उपटला होता आणि त्या केसानं तो कार्ब्युरेटरच्या पितळी भागाच्या एवढ्याशा भोकातली घाण काढत होता, मुलाच्या नाकातलं काढावं तशी.

“काय करतोयस तू?”

“काही नाही गं, नुसती चोंदलीय,” तो म्हणाला. “जुनं पेट्रोल आत वाळून बसलंय. कुणी बघितलंच नाही तिच्याकडे.”

ती नको नको म्हणत राहिली तोवर त्यानं सगळे स्क्रू परत बसवले, दोन किका मारल्या, आणि समोरून मॅनेजर आला. त्याच क्षणी नवऱ्यानं तिसरी किक मारली. गाडी खोकली, धूर सोडला आणि सुरू झाली. ठकीनं टाळ्या वाजवल्या. सेल्सवालीनं कपाळाला हात लावला.

मॅनेजर पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला, आयुष्यभर गाड्या विकून मुरलेला माणूस. त्यानं आवाज ऐकला, गाडीला एक फेरी मारली आणि खुर्चीत बसत म्हणाला, बासष्ट. चालू गाडी आहे, कमी कशाबद्दल करायचे?

ती हटली नाही. हिला आमच्या माणसानं चालू केलीय, तुमच्या नाही, ती म्हणाली. मॅनेजर म्हणाला, त्याबद्दल आभार, आता ती कुणालाही विकता येईल. विका की, ती म्हणाली, उद्या गिऱ्हाइकाच्या दारात बंद पडली म्हणजे कळेल.

“नाही पडणार बंद,” नवरा म्हणाला.

तिनं डोळे वटारले. त्याला ते दिसलेच नाहीत. गाडीवर आळ आल्यासारखा तो दुखावला होता. इंजिन एकदम स्वच्छ आहे, दोन वर्षं आरामच झालाय तिला, असं तो मॅनेजरलाच पटवून देऊ लागला. मॅनेजर ऐकत राहिला. त्याचा चष्मा कपाळावरून नाकावर उतरला. इतकी वर्षं लोक इथे येऊन गाडीला नावं ठेवतात, तो म्हणाला, माझ्याच गाडीची मला हमी देणारं गिऱ्हाईक पहिलंच. मग तो पुढे झुकला.

“तुम्हीच सांगा मिस्त्री, हिची खरी किंमत काय? तुम्ही म्हणाल ती.”

जगात विचारू नये त्या माणसाला हा प्रश्न विचारला गेला होता. तिनं त्याच्या पायावर हळूच पाय दिला. त्यानं सरकून तिला जागा करून दिली. मग तो बोटांवर हिशेब मांडू लागला. टायर एका जागी उभे राहून चपटे झालेत, त्याचे एवढे गेले. बॅटरी मेलीय, तिचे गेले. दोन वर्षं जुनी, रंग कुणाला न आवडणारा. पण साखळी गंजलेली नाही, ते धरायला हवं. शेवटी तो म्हणाला, “साडेछप्पन्न.”

“दिली,” मॅनेजर म्हणाला आणि त्यानं हात पुढे केला.

नवऱ्यानं हात मिळवला आणि मग हळूहळू त्याचा चेहरा उतरला. त्यानं बायकोकडे बघितलं. आपल्याकडे चोपन्नच आहेत, हे त्याला आत्ता आठवलं होतं. किंमत मात्र खरी होती, ती त्याला बदलता येत नव्हती. तो कानाची पाळी चोळत तसाच उभा राहिला, चुकलेल्या मुलासारखा.

तिला त्याचा इतका राग आला होता की रडूच येईल असं वाटलं. आणि त्याच्या काळ्या झालेल्या नखांकडे बघता बघता तिच्या लक्षात आलं की यानं टायर धरले, बॅटरी धरली, रंग धरला, आणि एक गोष्ट धरलीच नाही.

तिनं सेल्सवालीला विचारलं, या कामाचे वर्कशॉपनं किती सांगितले होते? सेल्सवालीनं एकदा साहेबांकडे बघितलं आणि सांगून टाकलं. पार्ट धरून तीन हजार. पार्ट मिळाला तर.

“यानं सगळ्याची किंमत धरली, साहेब,” ती मॅनेजरला म्हणाली, “स्वतःची तेवढी सोडून. ती मी धरते. तीन हजार.”

“अगं, वीस मिनिटांचं तर काम,” नवरा पुटपुटला.

“तू गप्प बस.”

ठकीनं टेबलावरचा मॅनेजरचा शिक्का उचलून तोंडात घातला होता. त्यानं तो सावकाश काढून घेतला. पार्ट काही लागला नाही, तेव्हा तीन नाही देणार, तो म्हणाला. अडीच.

ती मुद्दाम थोडी घुटमळली, जणू काही परवडत नव्हतं. मग म्हणाली, चालेल.

नंबर यायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी, सुट्टीच्या दुपारी, तिघं गाडी आणायला गेली. ठकीला गाडीवर घ्यायचं नाही, यावर तिचं आणि त्याचं एकमत होतं, म्हणून मायलेकी बसनं परत निघाल्या. सगळ्यात मागची सीट मिळाली. ठकी काचेला नाक लावून उभी राहिली.

तो सहज पुढे निघून गेला असता, पण गेला नाही. बस थांबली की थांबायचा, निघाली की निघायचा, धूर खात, त्या ना पिवळ्या ना हिरव्या गाडीवर अगदी ताठ बसून. ठकीनं त्याला पाहिलं, काचेवर हात आपटला आणि सबंध बसला ऐकू जाईल अशी हाक मारली. काचेपलीकडे त्याला ऐकू गेलं नसणार. तरी त्यानं हात उंच केला, आणि ठकीच्या आईला पहिली काळजी वाटली ती हीच की हा माणूस आता रोज एका हातानं गाडी चालवणार.