बाबा ठणठणीत आहेत

बाबांना जाऊन तीन महिने झाले होते आणि आत्याच्या लेखी ते अजून ठणठणीत होते. ही सगळी व्यवस्था दादाची. आत्या बाबांहून चार वर्षांनी मोठी, अठ्ठ्याहत्तरची. लग्न करून डोंगरात गेली ती तिथलीच झाली. नवरा रस्तादुरुस्तीच्या टोळीवर मुकादम होता. तो गेल्यावरही ती खाली उतरली नाही. तिचं हृदय नाजूक आहे, धक्का बसू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दादाने ते असं मनावर घेतलं, की बाबांना पोहोचवून आल्यावर पायांतले बूट काढायच्या आत त्याने घरातल्या सगळ्यांना दम भरला : आत्याला कळता कामा नये. तेव्हापासून दर रविवारी अकरा वाजता तो आत्याला फोन करायचा आणि बाबांची खुशाली कळवायचा.

धाकट्या बहिणीला हे पटत नव्हतं. तिने एकदा जेवताना तसं म्हणून पाहिलं. दादाने ताटातून मान वर केली नाही.

"तू एकदा खरं बोललीस ना? तेवढं पुरे आहे."

वहिनीने भरलेल्याच पेल्यांत पुन्हा पाणी ओतायला घेतलं.

दादा कशाबद्दल बोलत होता ते तिघांनाही ठाऊक होतं. डॉक्टरांनी बाबांचे दोन महिने उरलेत असं भावंडांना बाहेर बोलावून सांगितलं, तेव्हा बाबांना काही बोलायचं नाही असं ठरलं. ठरवणारा दादा, तिने फक्त नाही म्हटलं नव्हतं. मग एका दुपारी ती एकटी उशाशी असताना बाबांनी विचारलं, किती दिवस, आणि तिने सांगितलं : दोन महिने, फार तर. बाबा त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी गेले. दादाचं गणित शाळेपासून कच्चं, पण ही वजाबाकी त्याने बिनचूक केली होती. एक्केचाळीस दिवस बहिणीने खाल्ले. तो हे तोंडाने कधी बोलला नाही. बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

तिचा दोष म्हणावा तर तिच्या पोटापाण्याच्या धंद्यातच होता. शहरातल्या बसगाड्यांची वेळापत्रकं ती बनवायची, बावीस वर्षं. तिसऱ्या मजल्यावर खिडकीशी तिचं लांबलचक टेबल, त्यावर चादरीएवढे कागद, आणि कागदांवर तिरक्या रेषा. एक रेषा म्हणजे एक गाडी. सात बेचाळीस म्हणजे सात बेचाळीस. त्रेचाळीस म्हटलं तर पुढच्या चौकात तीन गाड्या एकमेकींच्या उरावर. उलट बाबा शिंपी. त्यांनी आयुष्यभर प्रत्येक गिऱ्हाइकाला "उद्या या" एवढंच सांगितलं. गिऱ्हाइकं उद्या येत नसत, चार दिवसांनी येत, तेव्हा कपड्याला कच्चा धावदोरा असे, आणि बाबा म्हणत, "हे काय, झालंच की." कोणी कधी चिडलं नाही. अशा माणसाच्या पोटी घड्याळ जन्माला आलं, असं त्यांचंच म्हणणं.

तर या घड्याळाने आठ दिवसांची रजा टाकली आणि आत्याला खरं काय ते सांगायला निघालं. दादाला तिने सांगितलं, हवापालटाला चाललेय. खरं सांगायला निघालेल्या बाईने खोट्यानेच श्रीगणेशा केला, हे तिच्या लक्षात आलं नाही असं नाही.

कचेरीत सगळ्यांना तिचा हेवा वाटला. डोंगरात काय शांतता असेल, हवा काय, माणसं किती सरळ. हिशेबनीस म्हणाले, तिथली माणसं खोटं बोलत नाहीत. ते स्वतः डोंगरात कधी गेले नव्हते.

पायथ्याच्या बाजारात जीप उभी होती. जागा दहा, माणसं चौदा, टपावर कोणाच्या तरी नव्या घराचा अखंड दरवाजा बांधलेला, चौकटीसकट. तिने जीपवाल्याला विचारलं, गाडी किती वाजता सुटते. भरली की, तो म्हणाला. आणि पोहोचायला किती वेळ? दोन तास. सुटल्यावर तासाभराने तिने शेजारणीला विचारलं. दोन तास. तिसऱ्या तासाला दरड आडवी आली. सगळे उतरले, धोंडे लोटले, परत बसले, आणि कोणी ब्र काढला नाही. तिने पुन्हा विचारलं. दोन तास. आता ती शेजारीण स्वतः ओकारीने बेजार झाली होती, पण आकडा सोडायला तयार नव्हती. तिकिटाच्या पाठीवर ही मिनिटं टिपत होती, ती खड्ड्यांमुळे वाचता येण्यासारखी राहिली नाहीत. एकूण पाच तास दहा मिनिटं.

रस्ता जिथे संपला तिथे ठरल्याप्रमाणे एक खेचरवाला थांबला होता. खेचराच्या एका बाजूला कोणाची तरी गॅसची टाकी होती, दुसऱ्या बाजूला त्याने तिची बॅग लटकवली. दोन्ही बाजूंचं वजन जमेना, तेव्हा बॅगेत दोन दगड घातले. तिने विचारलं, आत्याचं गाव किती लांब? तो म्हणाला, "हे काय, अर्धा तास." नकाशा म्हणत होता सात किलोमीटर, आणि सगळी चढण.

दुरून डोंगर साजरे, हे ज्याने म्हटलं तो नक्की एकदा जवळून जाऊन आला असणार. वाटेवर शांतता अशी नव्हतीच. खाली नदी, वर कावळे, मध्ये खेचरवाल्याच्या खिशातला रेडिओ. उतरणारी माणसं भेटायची, आणि ती प्रत्येकाला विचारायची. प्रत्येक जण आधी तिच्या तोंडाकडे बघायचा, मग बुटांकडे, आणि मग आकडा सांगायचा. थोडं ताजंतवानं दिसलं की एक तास. घामाघूम दिसलं की वीस मिनिटं. गवताचा भारा घेतलेल्या म्हातारीने तर तिच्या गालाला हात लावून सांगितलं, त्या वळणापलीकडेच. वळणापलीकडे दुसरं वळण होतं.

शेवटी तिने खेचरवाल्याला विचारलं, इथली माणसं खोटं का बोलतात. त्याला राग आला नाही.

"खोटं कुठे, ताई? अंतर सांगितलं की माणूस ते दोनदा चालतो. एकदा डोक्याने, एकदा पायांनी. एकदाच चालावं."

"मला चालेल. खरं किती ते सांगा."

त्याने रेडिओ बंद केला. "अजून तीन तास. शेवटचा तास छातीवरचा चढ आहे."

तिला वाटलं होतं, खरा आकडा हातात आला की बरं वाटेल. तिने घड्याळात पाहिलं, आणि तिच्या पोटऱ्या भरून आल्या. ठरवून नव्हे, पण ती वाटेच्या कडेला दगडावर बसली. खेचर थांबलं.  दोन महिने म्हणून सांगितल्यावर बाबांनी उशीवरची मान नीट करून घेतली होती, शर्टाची कॉलर बसवावी तशी. ती तेव्हा हलली नव्हती. खरं सांगून आपण त्यांचा मान राखला, असं तिला एकोणिसाव्या दिवसापर्यंत वाटत होतं.

दहा मिनिटांनी ती उठली. पुढे तिने कोणालाच काही विचारलं नाही. शेवटच्या चढावर मात्र न राहवून तोंडून गेलं, आणि खेचरवाला म्हणाला, "आलंच." त्यानंतर ते आलं तेव्हा ऊन उतरलं होतं.

आत्याचं घर दोन खोल्यांचं, वर पत्रा. भिंतीला आत्याच्या नवऱ्याचं फावडं टांगलेलं, पातं तेल लावून चकचकीत, जणू उद्या कामावर जायचंय. आत्या दारातच होती. अचानक आलेल्या भाचीला पाहून तिला धक्काबिक्का काही बसला नाही. "वाळलीस," एवढं म्हणाली आणि गरम पाण्याची बादली पुढे सरकवली. मग बटाटे सोलता सोलता तिने सगळ्यांची चौकशी केली : दादाची, वहिनीची, कचेरीची, गुडघ्यापर्यंत येणाऱ्या दादाच्या मुलांची, जी आता दाढी करत होती. बाबांचं नाव काढलं नाही. भाची वाक्य तोंडात धरून बसली होती, कंडक्टर शिट्टी धरतो तसं. ते फुंकायला जागाच मिळेना. तशीच जेवणं झाली, तशीच अंथरुणं पडली.

दुसऱ्या दिवशी रविवार. दहा वाजता आत्याने चप्पल घातली, काठी घेतली आणि म्हणाली, चल. कुठे, तर वर. घरात फोनला एक रेघ मिळत नव्हती. घरामागच्या टेकाडावर एक सपाट खडक होता, तिथे मिळत असे. आत्या दहा पावलं चालायची, काठीवर रेलायची, छातीला हात लावायची, पुन्हा दहा पावलं. चाळीस मिनिटं लागली. आत्याच्या हृदयाला जपण्यासाठी दादाने जी व्यवस्था लावली होती, ती निभावायला आत्या दर रविवारी डॉक्टरांनी मना केलेला चढ चढत होती.

खडकावर बसल्यावर आत्याने ओठांवर बोट ठेवून भाचीला गप्प राहायची खूण केली. बरोबर अकराला फोन वाजला. तिने तो मोठ्या आवाजावर टाकला.

"तुझा बाप कसा आहे?" आत्याने विचारलं.

ठणठणीत, दादा म्हणाला. आणि मग तो सुटला. सकाळी बाबांनी गच्चीवर सहा फेऱ्या मारल्या. सहाव्या फेरीत शेजारच्यांशी पाण्याच्या टाकीवरून हुज्जत घातली. आत्याने विचारलं, कानटोपी घातली होती का. दादा म्हणाला, घालत नाहीत गं, सांगून थकलो. त्याच्या आवाजात खरोखरीचा वैताग होता. बहिणीने हा आवाज तीन महिन्यांत ऐकला नव्हता. घरी तो पेपर मागितल्यासारखा बोलायचा. पंधरा-वीस मिनिटं बाबा गच्चीवर, दुकानात, जेवणाच्या टेबलाशी वावरले. शेवटी दादा जरा खालच्या सुरात म्हणाला, ती हवापालटाला गेलीय, तिकडे आलीच तर तिचं फार मनावर घेऊ नकोस. कामाच्या ताणाने हल्ली काहीबाही बोलते.

"नाही घेत," आत्या म्हणाली, आणि भाचीकडे पाहिलं.

फोन बंद झाला. आत्याने तो पदराने पुसला, पिशवीत ठेवला, पिशवीची नाडी ओढली.

"कुठल्या दिवशी गेला तो?"

भाचीने तारीख सांगितली. वार सांगितला. दुपारचे चार दहा, हेही सांगितलं, कारण तिला तसंच सांगता येत होतं. आत्या मान हलवत राहिली, माप उतरवून घेतल्यासारखी.

मग तिने आपण होऊनच सांगितलं. "तुझा बाप सत्तर वर्षांत एकदा ठणठणीत नव्हता. फोनवर आला की आधी गुडघा, मग पित्त, मग जमलं तर माझी विचारपूस. आणि तुझा भाऊ पहिल्याच रविवारी म्हणतो, ठणठणीत. मी म्हटलं, दे फोन त्याच्याकडे. म्हणे, फिरायला गेलेत. अगं, बाजारात जायचं तर रिक्षा करणारा माणूस तो."

"मग दर रविवारी इथवर चढून विचारतेस कशाला?"

"ऐकलास ना त्याचा आवाज? आठवड्यातून तेवढा वेळ त्याला बाप असतो. माझं काय जातं?"

 जे सांगायला ती दोन दिवस वाट तुडवत आली होती ते इथे आधीच येऊन बसलं होतं, चांगलं तीन महिन्यांचं जुनं होऊन. तेव्हा तिने दुसरं सांगितलं, जे कोणी विचारलं नव्हतं. बाबांनी विचारलं आणि मी सांगून टाकलं, दोन महिने. दादाने नको म्हटलं होतं तरी.

आत्याने काठी दोन्ही हातांत धरली. "मग तो काय म्हणाला?"

हेही तिला कोणी विचारलं नव्हतं. दादानेसुद्धा नाही. "म्हणाले, कपाटात तो राखाडी कोट लटकलाय, त्याच्या बाह्या आजच दुसऱ्या कोणाकडून लावून घे. गिऱ्हाइकाला गुरुवार सांगितलाय."

"मग?"

"घेतल्या लावून. गुरुवारी नेला त्यांनी."

आत्याला हसू आलं. आधी नुसते खांदे हलले, मग ती काठीवर डोकं टेकून हसली, छातीला हात लावून, आणि भाची घाबरून पाण्याची बाटली उघडू लागली. "जन्मात एक गिऱ्हाईक वेळेवर सुटलं म्हणजे," आत्या डोळे पुसत म्हणाली. नंतर ते डोळे बराच वेळ पुसावे लागले. 

उतरताना आत्याने एकच गोष्ट मागितली. मला माहीत आहे हे दादाला कळू द्यायचं नाही. तो कोवळा आहे, म्हणाली. त्याला धक्का बसता कामा नये.

तीन दिवसांनी भाची खाली उतरली. जीपच्या रस्त्याशी पोहोचते तोच दादाचा फोन आला. त्याने हवा कशी आहे विचारलं, खोली नीट मिळाली का विचारलं, आणि मग जे विचारायचं होतं ते विचारलं.

"आत्याकडे नाही ना गेलीस?"

समोर जीपवाला टपावर एक लोखंडी पलंग चढवत होता. तिने त्याच्याकडे पाहत सांगितलं, "गेले होते. बाबा कसे आहेत विचारत होती. मी म्हटलं, बरे आहेत."

 जीपवाल्याने पलंगावरून दोर आवळला.

"तू म्हणालीस?"

"हो."

"तिला खरं वाटलं?"

"वाटलं की."

दादाने नाक ओढल्याचा आवाज आला. मग त्याने तिला जेवलीस का विचारलं. स्वेटर पुरेसा होता का विचारलं. तीन महिन्यांत त्याने आपुलकीने विचारलेले हे पहिले प्रश्न, आणि ते मिळवायला तिने आयुष्यातली एकमेव नेकी उधळून दिली होती. वर आपण खोटं बोललो हेही खोटंच सांगितलं होतं. जीपवाला हाका मारू लागला, भरली, भरली. दादा मात्र आता रंगात आला होता. आपलं दोघांचं सांगणं जुळलं पाहिजे, म्हणाला, नाहीतर आत्याला शंका यायची. नेहमी नुसतं ठणठणीत म्हणून चालणार नाही. पुढच्या रविवारी थोडी सर्दी झालीय म्हणून सांगू का?

"सर्दी नको," ती जीपमध्ये चढत म्हणाली. "गुडघा सांग."