फोनखालचं कार्ड

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत प्रत्येक अर्थाला वेगळं कार्ड असतं. त्या दिवशी माझ्या वाट्याला इंग्रजीतला 'वेल्थ' आला होता आणि धाकट्या बहिणीच्या गाठीचा रिपोर्ट अकरा वाजता मिळणार होता.

पहिल्या कार्डावर मी लिहिलं: मूळ अर्थ बरं असणं, खुशाली, 'हेल्थ'च्या वळणावर घडलेला शब्द. दुसऱ्यावर लिहिलं: पैसाअडका, मालमत्ता. आता पहिल्यावर 'वापरातून गेलेला अर्थ' असा शिक्का मारायचा होता. शिक्का उचलला आणि परत ठेवला. फोन उलटा केला, सुलटा केला. तीनदा उठून पाणी पिऊन आले. साडेअकरा वाजून गेले.

बाराला संपादक तणतणत आले, हातात माझं पहिलं कार्ड. "अहो बाई, वेल्थमध्ये पैसाच नाही! नुसती खुशाली पाठवलीत छपाईला. लोक वेड्यात काढतील आपल्याला."

"असेल इथंच कुठंतरी," म्हणत मी टेबल उपसलं. कार्ड फोनखाली होतं. फोन उचलून ते हातात घेतलं, तेवढ्यात फोनच वाजला.

"ताई, साधी गाठ आहे गं. घाबरण्यासारखं काही नाही. रडतेस काय, बावळट?"

"रडतंय कोण? सर्दी झालीये."

संपादकांनी पैशाचं कार्ड माझ्या हातातून हळूच काढून घेतलं. जरा वेळ खिडकीबाहेर पाहिल्यासारखं केलं. मग खुशालीचं कार्ड पुढे सरकवलं. "ह्याच्यावरचा शिक्का राहिलाय."

"तो तुम्ही मारा," मी नाक पुसत म्हटलं. "आज माझ्याच्यानं होणार नाही."